कापड आटलं असेल

मंगळवार, ९ सप्टेंबर

शहाण्या,

जन्मात तुझ्याशी बोलणार नाही, असं तीन वर्षांपूर्वी दारात उभी राहून मी तुला सांगितलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. त्यामुळे ताईने शब्द मोडला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. तुझ्या बायकोने चार दिवस तुला फोन लावून पाहिला. तुझा खाणीवरचा मुकादम म्हणतो, डोंगराआड फोन लागत नाही. मग त्याचा कसा लागला, हे विचारेपर्यंत त्याने ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

तुझी लेक, आपली टाचणी, दवाखान्यात आहे. यापुढे ‘घाबरू नकोस’ असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. तू थोडा घाबरलास तर मला बरंच वाटेल.

महिनाभर तिचं पोट दुखत होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. जंत काही निघाले नाहीत. मग म्हणाले, लघवीला जंतुसंसर्ग, पाच दिवस गोळ्या. मग म्हणाले, बद्धकोष्ठ. तिन्ही वेळा त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात पेन; पोटाला लावायला तिसरा हात देवाने त्यांना दिलेला नाही. मध्येच शाळेच्या खेळाच्या बाईंची चिठ्ठी आली: ‘मुलगी धावत नाही. पोट सुटले आहे. आहाराकडे लक्ष द्यावे.’ तुझ्या बायकोने लक्ष दिलं. टाचणीची बिस्किटं बंद केली. पोर पंधरा दिवस दुसऱ्यांच्या डब्यांकडे बघत बसली आणि पोट वाढतच गेलं.

शेवटी शुक्रवारी सोनोग्राफी झाली. मशीनवरची बाई आल्यापासून बडबडत होती: शाळा कुठली, मांजर पाळलंय का, नाव काय मांजराचं. पोटावर डावीकडे आली आणि गप्प झाली. मग उजवीकडे गेली आणि जास्तच गप्प झाली. बडबडी माणसं गप्प झाली की मला भीती वाटते. तू पण जायच्या आधी आठवडाभर गप्प होतास.

डाव्या किडनीत मोठी गाठ आहे. उजवी किडनीसुद्धा हवी त्याहून मोठी आहे. मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडचा पलंग मिळालाय. दाखल करताना एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, “पोट कधीपासून वाढतंय?” तुझी बायको रडत म्हणाली, गेल्या वर्षीपासून जेवण कमीच झालंय तिचं. त्याने लिहिलं: ‘अंदाजे एक वर्ष.’ नक्की आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही.

कळवायचं काम केलं. पुढचं तू बघ.

ताई

शनिवार, १३ सप्टेंबर

शहाण्या,

उत्तर नाही. टपाल आठवड्यातून एकदा येतं म्हणे तुमच्याकडे. मी तुला संशयाचा फायदा देते आहे. शेवटचा.

इथे कागदाचं राज्य आहे. त्या शिकाऊ पोराने जे ‘अंदाजे एक वर्ष’ लिहिलं, ते दुसऱ्याने उतरवताना ‘अंदाजे’ गाळलं. तिसऱ्याने ‘एक वर्षापासून हळूहळू वाढणारी गाठ’ केलं. ‘हळूहळू’ त्याने पदरचं घातलं. आता पाच कागदांवर तेच आहे. प्रत्येक नवा डॉक्टर येतो, फाइल उघडतो आणि टाचणीकडे न बघता म्हणतो, “वर्षभर आहे ना हे?” आणि मान आम्ही हलवायची.

दोन डॉक्टर महत्त्वाचे. एक सर्जन. उंच, भरदार, पँट नाभीच्या खाली. ते म्हणतात, लहान मुलांच्या किडनीत एक नेहमीची गाठ होते, ही तीच आहे. बुधवारी डावी किडनी काढू, उजवीचं नंतर बघू. सुई घालून तुकडा काढायचा नाही, कारण या गाठीत सुई घातली तर ती पोटभर पसरू शकते.

दुसरी कॅन्सरची डॉक्टरीण. एवढीशी आहे, केसांत पेन खोचते आणि मग पेन शोधत फिरते. तिला हे पटत नाहीये. ती म्हणते, दोन्ही किडन्या का सुजल्यात? रक्तातले दोन आकडे एवढे वर का आहेत? तिला दुसऱ्याच एका आजाराचा संशय आहे. फार क्वचित होतो म्हणे. तो असेल तर किडनी काढायचीच नसते, औषधांनी गाठ विरते. काढली तर किडनीही गेली आणि टाके भरून येईपर्यंत औषधही लांबलं. तेवढ्यात उरलेली किडनीही बसेल.

“मग सुई घाला ना,” मी म्हटलं.

“सर्जनसाहेबांचा अंदाज बरोबर असेल तर सुईने नुकसान होईल. आणि माझ्या संशयाच्या आड ही फाइल येते,” ती म्हणाली. “माझा आजार वर्षभर थांबत नाही. आठवड्या-आठवड्यात वाढतो. नक्की एक वर्ष? कुणी वजन, माप, काही घेतलंय का? फोटो तरी?”

तुझ्या बायकोने फोन चाळला. टाचणीचे शेकडो फोटो आहेत आणि सगळ्यांत नुसतं तोंड. एका फोटोत अर्धं मांजर. पोट एकातही नाही.

“आठवा जरा,” डॉक्टरीण म्हणाली. माझ्याकडे बघूनच म्हणाली.

मला काही आठवलं नाही. दमले होते मी.

टाचणीला वाटतंय तिने बिस्किटं चोरून खाल्ली म्हणून हे झालं. दोनच खाल्ली होती, असं तिने मला कानात सांगितलं.

ताई

रविवार, १४ सप्टेंबर

शहाण्या,

काल मी खोटं लिहिलं. मला सगळं आठवत होतं.

तुला दुकानातली ती काळ्या पुठ्ठ्याची मापांची वही आठवते? तू लहानपणी तिच्यात मागून विमानं काढायचास. माप घेतलं की तारीख घालून लिहायचं, घरचं असो की दारचं, ही मला शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंची शिस्त. टाचणीचंही आहे तिच्यात. शाळा सुरू व्हायच्या वेळी, दहा जूनला, कंबर एकवीस. दंड सात. दोन ऑगस्टला साडेएकवीस, दंड सात. एकोणीस ऑगस्टला तेवीस, दंड साडेसहा. तीस ऑगस्टला पंचवीस. दंड सहा.

बघ, पोटाला अकरा दिवसांत दोन इंच. आणि हात बारीक होत चाललेत. हे माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहिलेलं. मी लिहिलं, वही मिटली आणि स्कर्टचा पट्टा उसवला.

आता हे कसं झालं ते तुला सांगते, कारण तुला सोडून हे समजेल असं माणूस नाही. तू त्याच दुकानात गोधडीवर वाढलास. आपल्याकडे बाई आली, “ब्लाउज घट्ट झाला हो,” म्हणाली, की आपण काय म्हणतो? “कापड आटलं असेल. धुण्यात आटतं.” बाई जाडी झाली, असं कोण सांगेल? आपण शिवण सोडायची, तोंड सोडायचं नाही. तीस वर्षं मी सगळ्यांची पोटं कापडावर ढकलली आहेत. लग्नाआधी दोन महिन्यांत फुगलेला नवरदेव, बाळंतीण, बढती मिळालेला साहेब, सगळ्यांचं कापडच आटत आलंय. यालाच लोक माझा गोड स्वभाव म्हणतात. इतर वेळी मी काय आहे ते तुला माहीतच आहे.

एकोणीस तारखेला टाचणी म्हणाली, “आत्या, स्कर्ट रुततोय.” मी म्हटलं, “कापड आटलं असेल.” तुझी बायको काज करत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, “परत? पंधरा दिवसांपूर्वीच सैल केला ना, वन्सं?” मी म्हटलं, “हलकं कापड देतात हल्ली.” ती परत काजाकडे वळली. आईला शंका आली होती रे. मी ती शिवून टाकली.

आणि तीस तारखेला तिचा वाढदिवस. तुझा फ्रॉक आला. नेहमीप्रमाणे दोन मापं मोठा. घालून बघितला तर कमरेत बरोबर बसला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मला तर फार बरं वाटलं, काम वाचलं म्हणून.

काल डॉक्टरीणबाईने विचारलं तेव्हा वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. काढली असती तर तुझ्या बायकोने वाचली असती. या एका कारणासाठी मी एक रात्र आणि अर्धा दिवस घालवला. बुधवारी ऑपरेशन आहे हे माहीत असताना.

आज सकाळी दिली.

डॉक्टरीणबाईने वही खिडकीपाशी नेली. वाचताना केसांतलं पेन काढून परत खोचलं. “हे कुणी मोजलं?”

“मी.”

“चारही वेळा? त्याच टेपने?”

“दुसऱ्याच्या टेपला मी हात लावत नाही.”

तिने सर्जनना बोलावलं. रविवार असल्यामुळे ते वैतागूनच आले. वही उलटसुलट केली. तुझं एक विमान त्यांनी नीट बघितलं. “शिंपीणबाईंच्या वहीवरून मी ऑपरेशन थांबवायचं?”

“तुमच्या फाइलमध्ये ‘एक वर्ष’ आहे, सर. यांच्या वहीत अर्ध्या इंचापर्यंत माप आहे,” ती म्हणाली. “कुठल्यावर विश्वास ठेवायचा?”

“घरगुती मापं असतात ही. टेप कुठे धरतात, किती ओढतात...”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “साहेब, तुमची कंबर सदतीस आहे. पँट चौतीसची आहे, म्हणून पोटाखाली घालता. उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे. टेप लावू, की असंच चालेल?”

तीस वर्षांत गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खरं माप सांगितलं. परिचारिका औषधांच्या कपाटात तोंड घालून हसत होती. सर्जनसाहेबांनी पट्टा वर ओढला, तो राहिला नाही. मग त्यांनी टाचणीच्या पलंगाची चादर बाजूला केली आणि म्हणाले, “आत्ता मोजा.”

सव्वासत्तावीस.

ते तारखांवरून बोट फिरवत राहिले. जून, ऑगस्ट, ऑगस्ट, ऑगस्ट, आज. पुटपुटत वजाबाक्या केल्या. मग म्हणाले, “माझी गाठ अशी धावत नाही. सुई घाला. बुधवार रद्द.” आणि निघून गेले. माणूस वाईट नाही. फाइल वाईट होती.

तुझी बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने वही घेतली. तिला माझं अक्षर वाचता येतं, तिचे सगळे काज त्यावरूनच होतात. तिने तीनदा वाचलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुम्ही मला म्हणालात, हलकं कापड देतात.”

मी जिन्यात जाऊन बसले. ती आली नाही.

ताई

शनिवार, २० सप्टेंबर

शहाण्या,

मंगळवारी सुई घातली. कमरेतून, पडद्यावर बघत बघत. टाचणी नंतर म्हणाली, “आत्या, तुझी सुई बारीक असते.” मी म्हटलं, यांना शिवायचं कुठे असतं, यांना नुसतं उसवता येतं.

मग वाट बघणं. तपासणीच्या खिडकीवरच्या माणसाला मी रोज चार वेळा विचारायचे. पहिल्या दिवशी म्हणाला, नमुना पोचला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पोचला पण चिठ्ठी दुसऱ्याची आहे. मी तिथेच जमिनीवर बसले. तेव्हा म्हणाला, नाही, चिठ्ठी हीच आहे, मी उलटी वाचली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट तयार होता पण छापायचं यंत्र बंद होतं. “तोंडी सांगा,” मी म्हटलं. “तोंडी द्यायचा अधिकार नाही.” “मग वाचून डोळ्यांनी खुणा करा.” त्याने खिडकी लावून घेतली.

काल डॉक्टरीणबाईने स्वतः खाली जाऊन आणला. तिचा संशय खरा निघाला. लिम्फोमा. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. एरवी मानेतल्या, पोटातल्या गाठींतून सुरू होतो, हिचा थेट किडन्यांत सुरू झालाय. मुलांमध्ये फार क्वचित दिसतो. या बाईने इतक्या वर्षांत एकच पाहिला होता. मी विचारलं, तो कसा आहे आता? म्हणाली, “कॉलेजात आहे. फोन उचलत नाही.” मला तुझी आठवण झाली.

हाडातला मगज आणि मणक्यातलं पाणी तपासलं, तिथे काही नाही. किडनी काढायची नाही. औषधं कालच सुरू झाली. पहिले दिवस अवघड, कारण गाठ भराभर विरते आणि तो सगळा कचरा त्याच आजारी किडन्यांना उपसावा लागतो. म्हणून सलाइन धो धो चालू आहे आणि दर तासाला लघवी मोजतात. आम्ही आता लघवीवर टाळ्या वाजवतो. मी विचारलं, बरी होईल ना? डॉक्टरीण म्हणाली, “शक्यता चांगली आहे. शब्द देत नाही.” शब्द न देणारी माणसं मला आवडायला लागली आहेत.

तुझी बायको पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. एकाच पलंगाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी, मध्ये टाचणी. “आईला सांग, डबा आलाय.” “आत्याला सांग, भूक नाही.” शेवटी टाचणीच म्हणाली, “मला सलाइन लागलंय, मी बोलू का औषध घेऊ?” काल रिपोर्ट आल्यावर तुझी बायको माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, “वन्सं, तुम्ही लपवलंत ते मी विसरणार नाही.” मग थोड्या वेळाने, “पण लिहिलंच नसतंत तर?” नणंद-भावजयीत यापेक्षा जास्त माफी होत नसते. मी घेतली.

आणि घरी तुझं पत्र येऊन पडलेलं. एक ओळ. ‘वाचून वाईट वाटले. गरज असेल तर कळव.’

गरज असेल तर कळव! अरे, विजेचा दिवा दुरुस्त करणारा असं म्हणतो. पाण्याचा टँकरवाला असं म्हणतो. मी चार पानं लिहिली, त्यात गरज कुठल्या ओळीत आहे ते शोधायला तुला भिंग पाठवू? नाही, गरज नाही. लघवी मोजायला परिचारिका आहे. रडायला तुझी बायको आहे. लोकांना कंबरा सांगायला मी आहे. सगळ्या जागा भरलेल्या आहेत.

ताई

सोमवार, २९ सप्टेंबर

शहाण्या,

मागचं पत्र रागात टाकलं. परत मिळेल का म्हणून टपाल कचेरीत गेले होते. पेटी उघडली गेली होती. त्यामुळे ते राहू दे, आणि हेही वाच.

पोट उतरतंय. किडन्यांनी काम धरलंय, रक्तातले आकडे खाली आलेत. कंबर आज साडेबावीस. तोंड सोलवटलंय, दोन दिवसांपासून उशीवर केस दिसायला लागलेत. अजून बरेच महिने काढायचे आहेत. पण बिस्किट मागितलं. कोरडं, त्या तसल्या तोंडाने, दोन बिस्किटं खाल्ली आणि मला म्हणाली, “ही चोरलेली नाहीत.”

दुकान दुपारपुरतं उघडते. परवा आपल्या चौकातली शिकवणीवाली बाई आली. कुर्ता घट्ट झालाय म्हणाली. “धुण्यात आटला वाटतं.” माझ्या तोंडाशी आलेलं. मी वही काढली आणि म्हटलं, “बाई, कापड आटलेलं नाही. चार महिन्यांत कमरेला दोन इंच वाढलेत.” तिने कुर्ता उचलला आणि गेली. समोरच्या दुकानात गेली, मी बघितलं. तो म्हणाला असेल, आटलं असेल. जाऊ दे.

आता शेवटचं खोटं. तू तीन वर्षं टाचणीच्या वाढदिवसाला फ्रॉक पाठवलेस. एकही तिच्या मापाचा नव्हता. पहिला तर एवढा मोठा होता की मांजरासकट मावली असती. तो मी पूर्ण उसवला, कापड परत बेतलं आणि तिच्या अंगाबरोबर शिवला. दुसराही. बाहेरच्या शिवणीचा दोरा तसाच दिसावा म्हणून तोच रंग शोधत हिंडले. ती शाळेत सांगते, “बाबांना माझं माप न बघता माहीत असतं.” तुझ्यावर मी जन्मभर चिडलेली राहीन, पण हे काम मी चोख केलं, शिंपीण म्हणून सांगते. तुझी बायको काज करायची आणि काही बोलायची नाही.

काल टाचणीने यंदाचा फ्रॉक मागितला. पलंगावर बसून घातला. आता तो झग्यासारखा लोंबतोय, एका खांद्यावरून घसरला. तिने दोन्ही हातांनी कमरेचं कापड चिमटीत धरलं. माझ्याकडे बघितलं.

“आत्या, हा आटला नाही, वाढला?”

तुझी बायको हातातली बाटली तशीच धरून थांबली. उत्तर माझ्याकडे तयार होतं. सैल विणीचं कापड असतं, ओघळतं. तीस वर्षांची सवय आहे.

“नाही,” मी म्हटलं. “कापड होतं तसंच आहे. बाबांना तुझं माप माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. आधीचे मी बेतून दिले होते.”

मला वाटलं रडेल. ती रागावली. माझ्यावर बरीच, तुझ्यावर त्याहून थोडी कमी. अजून तुला तिने नीट ओळखलेलं नाही. तोंड भिंतीकडे करून बसली. मी फ्रॉक नेऊन बेतून आणते म्हटलं, तर दिला नाही. बऱ्याच वेळाने भिंतीलाच म्हणाली, “माहीत नाही, तर येऊन घ्यायचं ना माप. पाठवतात कशाला?”

माझी टेप तिने मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. आज मला कंबर मोजायला हॉस्पिटलची वापरावी लागली. दुसऱ्याच्या टेपला मी हात लावत नाही, पण लावला.

खाणीवरून निघणारी गाडी गुरुवारी असते, हे तुझ्या मुकादमाने सांगितलं. या वेळी मी फोन ठेवू दिला नाही त्याला. तिसरा मजला, खिडकीकडचा पलंग. येताना फ्रॉक आणू नकोस.

टेप कशी धरायची, तुला मी शिकवली होती. दोन बोटं आत राहतील एवढी सैल. ओढायची नाही.

ताई